सोलापुरात काउन्सेलरकडं जायचंय? मी कसा गेलो ते पहिल्या चिठ्ठीपासून सांगतो

तीन महिन्यांत तीन ईसीजी, एक टूडी इको आणि एक स्ट्रेस टेस्ट एवढं सगळं झालं, सगळे रिपोर्ट नॉर्मल, तेव्हा कुठं आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फाईल बाजूला सारली आणि विचारलं, "झोप किती वाजता मोडते?" म्हटलं तीनला. "मग पाचपर्यंत काय करता?" म्हटलं पंख्याकडं बघतो. त्यांनी एका चिठ्ठीवर काउन्सेलरचं नाव लिहून दिलं.

ती चिठ्ठी मी दीड महिना शर्टाच्या खिशातून शर्टाच्या खिशात फिरवली. एकदा तर धुण्यात गेली, बायकोनं वाळवून इस्त्री करून परत दिली. वडील जाऊन आठ महिने झालेले, धाकट्या भावाशी घराच्या वाटणीवरून बोलणं बंद, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघताना एकच आकडा चारचारदा टाइप करायचो. तरी जात नव्हतो. कारण एकच, तिथं नेमकं काय होतं ते माहीतच नव्हतं. पंढरपूरला कसं जायचं, दर्शनबारी कुठं लागते, हे आपल्याला कुणी ना कुणी सांगतं, पण काउन्सेलरकडं जाऊन आलेला माणूस सोलापुरात सापडला तरी तो तोंड उघडत नाही. म्हणून मी सांगतो.

आधी एक तातडीची गोष्ट

जीव द्यावासा वाटतोय, किंवा घरातलं कुणी तसं बोलतंय, तर खालचं काही वाचत बसू नका. १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. धोका जास्त वाटला तर ११२ लावा नाहीतर सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला न्या. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. घरात फवारणीची औषधं, गोळ्यांचा साठा असेल तर तो उचलून शेजाऱ्याकडं ठेवा. आणि स्पष्ट विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरवलं जातं हा गैरसमज आहे, विचारलं की बऱ्याचदा माणूस मोकळा होऊन बोलतो. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ असं सांगतं की प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत, आणि त्याला शिक्षा करायची नाही.

पहिलं काम: आठवडाभर वही

मला गरज आहे का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. दुःख झालं, रडू आलं, दोन रात्री झोप नाही आली, याला काउन्सेलर लागत नाही, घरचे आणि मित्र पुरतात. पण दोन आठवडे होऊन गेले तरी उतरत नाही, जेवण जात नाही किंवा सारखं खातोय, पोरांवर खेकसतोय, कामात चुका होतायत, आवडणारी गोष्ट बेचव लागतेय, रोज रात्री "थोडीशी" घेतल्याशिवाय झोप येत नाही, यातलं काही असेल तर जायचं. बाकी कुणाचं दुःख मोठं आणि कुणाचं लहान ही तुलना करत बसू नका. मीही तेच करायचो, की लोकांची घरं बुडाली, माझं काय एवढं.

एक दोनशे पानी वही घ्या, मोबाइल नको, मोबाइलात लिहायला गेलं की रील्स सुरू होतात. रोज चारच गोष्टी लिहा: किती वाजता झालं, काय घडलं, अंगात काय वाटलं, डोक्यात कुठलं वाक्य आलं. उदाहरणार्थ माझी एक नोंद, "संध्या. ७. धाकट्याचा फोन नाही. छातीत धडधड, हात गार. वाक्य: त्याच्या लेखी मी मेलोय." ही वही पुढं इतकी कामाला येते की काय सांगू, पहिल्या सेशनला माणसाला काहीच आठवत नाही.

आणि याच आठवड्यात एकदा रक्त तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२. थायरॉइड मंदावलं किंवा बी१२ कमी झालं तरी थकवा, उदासी, विसराळूपणा येतो, आणि मग आपण मनाशी झगडत बसतो.

दाखवायचं कुणाला

इथं सगळा घोळ आहे, बोर्डवर सगळेच "तज्ज्ञ".

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढं एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. निदान करतो, गोळ्या लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, मानसशास्त्रीय चाचण्या आणि थेरपी करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडं म्हणजे आरसीआयकडं नोंदणी असते, तो नंबर बिनधास्त मागा. काउन्सेलर किंवा समुपदेशक म्हणजे साधारणपणे सायकॉलॉजीत एमए, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यात एमए, नाहीतर काउन्सेलिंगचा डिप्लोमा केलेला माणूस. नातेसंबंध, वियोग, कामाचा ताण, निर्णय घेता न येणं, सौम्य चिंता, हे त्याचं क्षेत्र.

मग कुणाकडं आधी? कानात आवाज येतायत, भलतेसलते संशय, चार दिवस झोपच नाही आणि तरी अंगात वारं भरल्यासारखी ताकद, जेवणपाणी सुटलं, जीव द्यायचे विचार, यातलं काही असेल तर आधी सायकियाट्रिस्ट. नसेल तर काउन्सेलरकडून सुरुवात केली तरी चालतं, चांगला काउन्सेलर गरज दिसली की स्वतःच पुढं पाठवतो. जो कधीच कुणाला पुढं पाठवत नाही त्याच्यापासून सांभाळून.

"एका सेशनमध्ये डिप्रेशन गायब", "अवचेतन मन रिप्रोग्राम" असले फलक दिसले तर गाडी थांबवू नका. सहा दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून लोक थेरपिस्ट झालेत.

सोलापुरात कुठं

पैशाची अडचण असेल तर पहिला पर्याय सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं. तिथं मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायच्या खिडकीवर या ओपीडीचे वार आणि वेळ आधी विचारून घ्या, गर्दी असते, सकाळी लवकर जा, आणि पहिल्याच दिवशी तासभर निवांत बोलायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. कॉलेजची पोरं असतील तर आपल्या कॉलेजात समुपदेशक आहे का ते विचारा.

खाजगीत जायचं तर फॅमिली डॉक्टरला विचारणं सगळ्यात बरं. नाहीतर ऑनलाइन, पुण्या-मुंबईचे काउन्सेलर व्हिडिओ कॉलवर घेतात. पण दोन खोल्यांच्या घरात, शेजारी सासूबाई टीव्ही बघतायत अन् तुम्ही फोनवर रडणार, हे जमत नाही. माझ्या ओळखीचा एक जण कार विजापूर रोडला झाडाखाली लावून त्यात सेशन करायचा. एप्रिलमध्ये सोडून दिलं त्यानं, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे.

भाषेचं मात्र आधी बघा. पूर्व भागात घराघरात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड. माणूस दुकानात मराठी बोलतो, बँकेत हिंदी, पण भांडतो आणि रडतो ती भाषा वेगळी असते. ज्या भाषेत तुम्ही घरात भांडता त्या भाषेत ऐकणारा माणूस शोधा. टेली मानसवर तेलुगू, कन्नड दोन्ही मिळतं, आईला किंवा आजीला मराठीत मन सांगता येत नसेल तर तिला तिथं बोलायला द्या.

आणि हो, "सात रस्त्याला गाडी दिसली तर कुणीतरी विचारेल" ही भीती. विचारतात. मला विचारलं. मी म्हटलं डोकं दुखतंय म्हणून आलोय, जे खोटं नव्हतं.

पहिला फोन

फोनवर रामायण सांगायचं नाही. असं बोला: "नमस्कार, मला काउन्सेलिंगसाठी यायचंय. झोप आणि काळजीचा त्रास आहे, सहा महिने झाले. तुमचं शिक्षण काय, सेशन किती मिनिटांचं, फी किती, मराठीत बोलता ना, आणि ऐनवेळी यायला जमलं नाही तर फी लागते का?" पाच प्रश्न, दोन मिनिटं. शिक्षण विचारलं म्हणून समोरचा चिडला तर तुमचे पैसे वाचले.

सेशन साधारण पाऊण तास ते तासभर असतं, सुरुवातीला आठवड्यातून एकदा. म्हणून फीचा विचार एका सेशनचा न करता आठ सेशनचा करा. झेपत नसेल तर तसं सांगा, कमी करतात काही जण, किंवा पंधरा दिवसांतून एकदा बोलवतात. पहिलं सेशन महागड्या ठिकाणी करून दुसऱ्याला पैसे नाहीत म्हणून थांबलेले लोक मी बघितलेत, त्यापेक्षा सिव्हिलला नेमानं गेलेलं बरं.

पहिलं सेशन

माझं पहिलं सेशन वाया गेलं हे आधीच सांगतो. चिठ्ठीतल्या नावाला वेळ मिळेना म्हणून मी दुसऱ्याच एका ठिकाणी गेलो. नाव घेत नाही. त्यांनी माझं दहा मिनिटं ऐकलं, मधे दोन फोन घेतले, मग स्वतःचं दुःख सांगितलं, आणि शेवटी म्हणाले घरात मोठे तुम्हीच ना, मग तुम्हीच पडतं घ्या. हे तर माझी मावशी फुकट सांगते, वर कडक भाकरी आणि शेंगा चटणी पण देते! बाहेर आलो आणि ठरवलं हे सगळं थोतांड. पुढचे तीन आठवडे त्यात गेले.

तर, एक माणूस पटला नाही म्हणजे काउन्सेलिंग चुकीचं असं होत नाही. पहिला दंतवैद्य वाईट भेटला म्हणून दाढ तशीच ठेवतो का आपण.

चिठ्ठीतल्या बाईंकडं शेवटी गेलो. तिथं काय झालं ते क्रमानं सांगतो. आधी फॉर्म: वय, काम, घरी कोण, आजार, चालू गोळ्या, घरात आधी कुणाला मनाचा त्रास होता का, दारू तंबाखू. खरं लिहा. मग त्यांनी गुप्ततेचं सांगितलं: इथलं बाहेर जाणार नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, किंवा कोर्टानं मागितलं, तर सांगावं लागेल. हे त्यांनी न सांगितल्यास तुम्ही विचारा. गुप्तता हा २०१७ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे, उपकार नाही.

मग म्हणाल्या, बोला. आणि मी वीस मिनिटं जीएसटी रिटर्नवर बोललो. खरंच. सूताचे भाव, रिटर्न, मालकाचा स्वभाव. त्या ऐकत होत्या. मग एकदम विचारलं, "वडील काय करायचे?" वडील यंत्रमागावर होते, चाळीस वर्षं, आणि शेवटी शेवटी त्यांना ऐकू यायचं नाही, आम्ही ओरडून बोलायचो. हे सांगताना मला जे रडू फुटलं ते थांबेना. अंत्यविधीला रडलो नव्हतो, मोठा होतो ना. टेबलावर टिश्यूचा डबा ठेवलेला असतो तो उगाच नसतो. कुणी "रडू नका" म्हणालं नाही, ही माझ्यासाठी नवीन गोष्ट होती.

त्या दिवशी त्यांनी सल्ला एकही दिला नाही. उठताना मला फसवल्यासारखं वाटलं, पैसे देऊन मीच बोललो की ओ! पण त्या रात्री साडेचारपर्यंत झोप लागली.

एक युक्ती: सेशननंतर थेट घरी किंवा कामावर जाऊ नका. अर्धा तास चहा घ्या, तळ्याकाठी बसा, आठवेल ते वहीत उतरवा.

मधले आठवडे

खरं काम इथं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या सेशननंतर मला जास्तच वाईट वाटायला लागलं, दाबून ठेवलेलं वर आलं म्हणून. बरेच लोक इथंच सोडतात. सोडू नका, पण तिथं जाऊन हे सांगा.

आमच्या बाईंची पद्धत आरईबीटी, विवेकनिष्ठ उपचार. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास ती मांडली, मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. गाभा असा की घटना आणि त्रास यांच्या मधे आपण स्वतःशी बोललेलं एक वाक्य असतं, आणि त्रास बराचसा त्या वाक्यातून येतो. माझी वही उघडून त्या म्हणाल्या, "यातले 'च' मोजा." मोजले. भावानं फोन केलाच पाहिजे. मी सगळ्यांना सांभाळलंच पाहिजे. वाटणी नीट झालीच पाहिजे. एका आठवड्यात सतरा 'च'. आपल्या भाषेत हट्ट एका अक्षरात मावतो बघा.

मग होमवर्क. प्रत्येक 'च' पुढं तीन प्रश्न लिहायचे: असं कुठं लिहिलंय? नाही झालं तर नेमकं काय होईल? हे वाक्य मला उपयोगी पडतंय का? आणि मग बदललेलं वाक्य: "भावानं फोन करावा असं मला फार वाटतं, नाही केला तर दुखेल, पण मी मरणार नाही." पहिले पंधरा दिवस हे मला शाळकरी वाटलं, बायको हसली पण. नंतर एकदा जेवताना पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही आत्ता च म्हणालात."

बाकी होमवर्क साधं होतं. काळजी करायला संध्याकाळी ठरलेली पंधरा मिनिटं, एरवी विचार आला की वहीत टाकायचा आणि म्हणायचं सातला बघू. रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठायचं, मंद दिव्यात खुर्चीवर बसायचं, झोप आली की परत, आणि सकाळी रोज एकाच वेळी उठायचं, रविवारी पण. धडधड सुरू झाली की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. सकाळी कंबर तलावाच्या बाजूला अर्धा तास चालणं, मूड असो नसो. मूड झाल्यावर चालू म्हटलं तर मूड येतच नाही, चालल्यावर कधी कधी येतो.

सगळ्यांकडं हीच पद्धत असेल असं नाही. कुणी सीबीटी करतं, म्हणजे विचार आणि वागणं दोन्ही बदलायचा सराव, कुणी बालपणाकडं जातं, कुणी चित्र काढायला लावतं. पण "आपण नेमकं काय करतोय आणि कशासाठी" असं विचारल्यावर त्यांना साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे.

गोळ्यांचं

मला नाही लागल्या, माझ्या मेहुणीला लागल्या, दोन्हींत कमीपणा काही नाही. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा होऊ शकतो. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं पण नाही, एकदम तोडल्या की चक्कर, चिडचिड होते. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, म्हणून ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेणं बंद. मेडिक्लेम असेल तर कायद्यानं मानसिक आजारही इतर आजारांसारखाच धरायचा आहे, पण ओपीडीचा खर्च तुमच्या पॉलिसीत येतो का ते बघून घ्या.

घरचे

आईचा पहिला प्रश्न, "तुला वेड लागलंय का रे?" दुसरा, "अक्कलकोटला जाऊन येऊ." गेलो अक्कलकोटला, स्वामींचं दर्शन घेतलं, महाप्रसाद घेतला, आणि मंगळवारी काउन्सेलरकडं पण गेलो. भांडण कशाला. आईला एवढंच म्हटलं, "साखरेला डॉक्टरकडं जातेस ना, तसं झोपेला जातोय."

बायकोचा प्रश्न वेगळा, "माझ्याबद्दल काय सांगितलंस?" हा अवघड आहे. मी म्हटलं, तिथलं तिथं राहू दे, मला जे तुला सांगावंसं वाटेल ते मीच सांगेन. दोन दिवस अबोला होता.

उलट तुम्ही कुणाला घेऊन जात असाल तर "चल, फिरायला जाऊ" म्हणून फसवून नेऊ नका. आणि सुनेला समोर बसवून "हिला जरा समजवा" म्हणणारी मंडळी असतात, काउन्सेलर हा पगारी समजूत काढणारा नाही. पोराला नेलंत तर काउन्सेलर त्याच्याशी एकट्याशी बोलेल, बाहेर आल्यावर गाडीवर चौकशी आयोग बसवू नका. घरात मारहाण असेल तर नवरा-बायकोचं एकत्र काउन्सेलिंग आधी नको, समोर बसून खरं बोललेल्या बाईला घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि २००५ च्या कायद्याप्रमाणं संरक्षण अधिकारी असतात, आधी तिकडं.

चाललंय का, आणि थांबायचं कधी

चार-पाच सेशननंतर वहीची पहिली पानं काढून बघा. त्रास गेला का, असं विचारू नका. किती वेळा येतो, किती वेळ टिकतो, आल्यावर मी काय करतो, हे बघा. माझी धडधड गेली नाही, आठवड्यातून पाचदा होती ती एकदा झाली, आणि ईसीजी काढायला पळणं थांबलं. काहीच हललं नसेल तर समोर बोला: "मला फरक वाटत नाहीये, काय बदलायचं?" उत्तरात तुमच्यावरच खापर फोडलं, किंवा धर्म, जात, लग्न यावरून शेरे मारले, किंवा बाहेर भेटायला बोलावलं, तर त्याच दिवशी बंद. कारण द्यायची गरज नाही.

सगळं ठीक चाललं की सेशन लांबवत नेतात, आठवड्याचं पंधरवड्यावर, मग महिन्यावर. एकदम तोडायचं नाही, शेवटचं सेशन घ्या, त्यात परत बिघडलं तर पहिली खूण काय असेल आणि मी काय करीन हे एका कागदावर लिहून घ्या. माझ्या कागदावर पहिली खूण आहे "एकच आकडा दोनदा टाइप होणं".

माझं चौदावं आणि शेवटचं सेशन गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात आलं. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं रस्ते बंद, गाडी लांब लावून चालत गेलो, उशीर झाला, फी पूर्ण लागली. भाऊ अजून फोन करत नाही, मी संक्रांतीला केला, त्यानं उचलला, दोन मिनिटं पाणी किती दिवसांनी येतंय यावर बोललो. बाईंनी तीन महिन्यांनंतरची तारीख घालून कार्ड दिलंय, ते गाडीच्या डिकीत पीयूसीच्या शेजारी ठेवलंय.